जन्मतारीख : 1 जुलै

बँकेत खातं उघडण्याच्या अर्जात नावाखाली एक छोटा रकाना असतो. जन्मतारखेचा. शहरातल्या शाखेत त्याच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. एटापल्ली तालुक्यात माझी बदली झाली तेव्हा, म्हणजे 1980 च्या दशकाच्या अखेरीस, हा रकाना मला रोज अडवू लागला. समोर उभा असलेला माडिया माणूस हसायचा, शेजारच्याकडे पाहायचा आणि आमच्या शिपायाला माडियात काहीतरी सांगायचा. शिपाई माझ्याकडे वळून म्हणायचा, "साहेब, लिवा ना तुमाले वाटते ते."

मला वाटेल ते मी लिहीत असे. अंगाने बारीक, केस काळे, तर पंचवीस. केस पिकले असतील तर पन्नास. त्या दोन वर्षांत मी किती जणांची वयं अशी अंदाजपंचे ठरवली असतील, कोण जाणे.

ज्यांच्याजवळ शाळेचा दाखला होता त्यांचा प्रश्न नव्हता. पण पावसाळ्यातल्या एका दुपारी काउंटर रिकामा असताना मी जुने अर्ज चाळत बसलो आणि चमकलो. दाखलेवाल्यांपैकी बहुतेकांचा जन्म 1 जुलैचा! गावातले हेडमास्तर अधूनमधून चहाला येत, त्यांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "आमच्या दाखल-खारीज रजिस्टरलाही तुमच्यासारखाच रकाना आहे." त्यांची पद्धत साधी होती. पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचं. बोटं कानाला पोचली की सहा वर्षं झाली असं धरायचं आणि त्या हिशेबाने सालं मागे मोजून 1 जुलै टाकायचं. शाळा तेव्हाच सुरू होते ना!

या परीक्षेला मी त्या दिवशी पोटभर हसलो होतो. पण तिच्यात तथ्य आहे. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं आणि हात आखूड. सहाच्या आसपास हातांची वाढ डोक्याला गाठते. हेडमास्तर तारीख मोजत नव्हते, वाढ मोजत होते.

आणि एक म्हातारी आठवते. मोहफुलं विकून आलेले पैसे ठेवायला आली होती. वय विचारल्यावर तिने बराच विचार केला आणि शिपायामार्फत सांगितलं, की बांबूला फूल आलं होतं तेव्हा मी डोक्यावरून पाण्याची गुंडी आणायला लागले होते. बांबूला साधारण चाळीस वर्षांतून एकदा फूल येतं. म्हणजे उत्तर तसं नेमकं होतं. पण मला त्यात जे खटकलं ते वेगळंच. ती किती वर्षांची होती हे सांगत नव्हती, ती काय करण्याजोगी झाली होती हे सांगत होती. माझ्या रकान्यात ते मावत नव्हतं. मी लिहिलं, 'अं. 55'.

नोकरीतून मोकळा झाल्यावर एका कादंबरीच्या निमित्ताने मानसशास्त्राची पुस्तकं वाचायला घेतली, तेव्हा ही म्हातारी मला पुन्हा भेटली. माणूस जन्मापासून मरेपर्यंत कसा घडत जातो याचा अभ्यास करणारी मानसशास्त्राची एक स्वतंत्र शाखा आहे. तिच्यातलं मोठं नाव एरिक एरिक्सन. जन्म 1902, जर्मनीतल्या फ्रँकफुर्टचा, पुढे अमेरिकेत स्थायिक. 'चाइल्डहुड अँड सोसायटी' या 1950 सालच्या पुस्तकात त्याने माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले. फ्रॉइडने माणूस पाच-सहा वर्षांचा होईपर्यंतच काय ते घडतं असं सुचवलं होतं; एरिक्सन म्हणाला, घडणं शेवटपर्यंत चालूच असतं. प्रत्येक टप्प्यावर एक पेच असतो. तान्ह्या बाळापुढचा पेच, या जगावर विश्वास ठेवावा की नाही. शाळकरी पोरापुढचा, मला काही जमतं की मी बिनकामाचा. सोळा वर्षांच्या मुलापुढचा, मी कोण. चाळिशीतल्या माणसापुढचा, माझ्यामागे काही राहील की नाही. आणि म्हाताऱ्यापुढचा, जे झालं ते ठीक झालं असं म्हणून मिटता येईल का.

आपल्याकडे चार आश्रमांची कल्पना होतीच, तेव्हा आपल्या वाचकाला हे नवं वाटणार नाही. सुधीर कक्करांनी 'द इनर वर्ल्ड' या 1978 च्या पुस्तकात या दोहोंची तुलनाही केली आहे. एरिक्सन स्वतः 1962 मध्ये अहमदाबादला येऊन गेला होता, त्यातूनच पुढे त्याचं गांधीजींवरचं पुस्तक झालं. पण मला खिळवून ठेवलं ते या आठ टप्प्यांनी नव्हे, तर त्याच 1950 च्या पुस्तकातल्या एका प्रकरणाने. 1930 च्या दशकात एरिक्सन साउथ डाकोटातल्या सू नावाच्या आदिवासींमध्ये गेला होता. या जमातीचं सगळं जगणं रानरेड्यांवर, म्हणजे तिथल्या बायसनवर चालायचं. गोऱ्यांनी रानरेडे संपवले, जमीन घेतली आणि मुलांना सरकारी वसतिशाळांत घातलं. शिक्षकांची तक्रार अशी, की ही मुलं वाईट नाहीत हो, पण नुसती गप्प असतात, कशात भागच घेत नाहीत. एरिक्सनने पाहिलं, की घरी आया अजूनही मुलांना तशाच वाढवत होत्या, जशा रानरेड्यांच्या शिकाऱ्याला वाढवायच्या. धाडस, उदारपणा, हातचं वाटून टाकणं. बालपण जागच्या जागी होतं. ज्या मोठेपणासाठी ते घडवलं जात होतं, ते मोठेपण तेवढं नाहीसं झालं होतं.

हे वाचताना मला सुरजागड दिसू लागलं.

सुरजागड हे गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यातलं डोंगराळ ठिकाण. जिल्हा 1982 मध्ये चंद्रपुरातून वेगळा निघाला, त्याच्याही आधीपासून हा डोंगर दोन गोष्टींसाठी माहीत होता: भूगर्भशास्त्रज्ञांना लोहखनिजासाठी आणि आसपासच्या माडियांना ठाकूरदेवासाठी. जानेवारीत तिथे ठाकूरदेवाची यात्रा भरते. 2007 साली या डोंगरावर सुमारे 348 हेक्टरचा खाणपट्टा दिला गेला. 2016 मध्ये खोदकाम सुरू झालं, त्याच वर्षाच्या डिसेंबरात नक्षलवाद्यांनी पाऊणशेहून अधिक वाहनं जाळली. मध्यंतरी काम थांबत-चालत राहिलं, आणि 2021 पासून खाण जोरात सुरू झाली. खाणीच्या बाजूने आणि विरोधात लिहिणारे पुष्कळ आहेत. मी त्या वादात इथे शिरत नाही. माझा प्रश्न लहान आहे. एका पिढीच्या अवधीत जिथे जगण्याची साधनंच बदलतात, तिथे माणसाच्या वयाच्या पायऱ्यांचं काय होतं?

दोनेक वर्षांपूर्वी जानेवारीत मी पुन्हा त्या बाजूला गेलो. ओळखीच्या एका घरी दोन रात्री राहिलो. घरात चार पिढ्या होत्या, पाळण्यातल्या पोरीपासून पणजीपर्यंत. पुढे जे लिहितो आहे त्याच्या मागे ते घर आहे.

पाळणा म्हटलं ते सवयीने. ते बाळ पाळण्यात फारसं नव्हतंच. आईच्या पाठीवर, आत्याच्या कडेवर, शेजारच्या दहा वर्षांच्या पोरीच्या कमरेवर, असं ते दिवसभर हातोहात फिरत होतं. जॉन बोल्बी या इंग्रज मनोविकारतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्याला सांगितलं, की बाळाला आईची ओढ लागते ती केवळ दुधासाठी नाही. जवळ कुणीतरी हक्काचं असणं ही त्याची भुकेसारखीच मूळ गरज आहे. बोल्बी स्वतः दाईच्या हाती वाढला होता आणि ती दाई तो चार वर्षांचा असताना घर सोडून गेली होती. त्याची सहकारी मेरी एन्सवर्थ हिने 1950 च्या दशकात युगांडातल्या खेड्यांत 26 कुटुंबांत जाऊन बाळं पाहिली. तिथेही बाळ अनेक हातांत वाढायचं. तरी भ्यायल्यावर ते कुणाकडे धावतं हे ठरलेलं असे, आणि तो आधार पक्का असला की तेच बाळ दूरवर रांगत जाऊन खुशाल खेळे. 'लाडावलं तर बिघडेल' म्हणणाऱ्या आमच्या पिढीच्या बापांनी हे वाचायला हवं होतं. मीही त्यातलाच.

पण गडचिरोलीत विश्वास-अविश्वासाच्या आधी एक पेच असतो, बाळ जगणार की नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. श्वास कोंडला तर काय करायचं, ऊब कशी द्यायची, जंतुदोष कसा ओळखायचा, इंजेक्शन कधी द्यायचं. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले: नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटले. ती गावं सुरजागडच्या डोंगरातली नव्हेत, पण 2011 पासून तीच पद्धत देशभर 'आशा' कार्यकर्त्यांच्या हाती गेली. ज्या घरी मी उतरलो होतो तिथेही आशाताई येऊन बाळाला झोळीच्या काट्यावर तोलून गेली होती. पणजीची सहा बाळंतपणं झाली, जगली दोन. हे तिने नाही सांगितलं, तिच्या सुनेने सांगितलं, आणि तेही चुलीत लाकूड सरकवता सरकवता.

घरातला नातू सहा वर्षांचा. येत्या पावसाळ्यात तो आश्रमशाळेत जाणार होता. आश्रमशाळा म्हणजे निवासी शाळा. आई-बाप, घर, भाषा सगळं एकदम मागे. मुलं आश्रमशाळेतून पळून जंगलवाटेने घरी येतात ही या भागातली जुनीच कहाणी आहे. आपण तिला शिस्तीचा प्रश्न समजतो. बोल्बीने रुग्णालयात एकटं ठेवलेल्या लहानग्यांच्या निरीक्षणांवरून तीन पायऱ्या सांगितल्या होत्या: आधी आकांत, मग हताशा, आणि मग मूल शांत होतं. त्या शांत होण्याला परिचारिका 'रुळलं' म्हणत. बोल्बी म्हणाला, ते रुळलं नाही, त्याने ओढ आतल्या आत बंद करून घेतली. ही निरीक्षणं अगदी लहानांची, सहा वर्षांच्या मुलाला ती जशीच्या तशी लावता येणार नाहीत. तरी पळून येणाऱ्या पोराची मला काळजी कमी वाटते, आणि न पळणाऱ्या, न बोलणाऱ्या पोराची जास्त.

मग शाळाच नको का? असं म्हणणारा माणूस मी नव्हे. 1973 साली बाबा आमट्यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि 1976 मध्ये तिथे आश्रमशाळा निघाली. त्या शाळेतून शिकलेली माडिया मुलं डॉक्टर झाली, शिक्षक झाली, वकील झाली. त्याआधी डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे स्वतः माडिया भाषा शिकले, हा भाग आपण पटकन विसरतो. अलीकडे त्याच प्रकल्पाच्या नेलगुंड्याच्या शाळेत लहानांसाठी माडियातून शिकवायला सुरुवात झाली. उलट बाजूने पाहायचं तर आपल्या ताराबाई मोडकांचं उदाहरण आहे. 1945 साली त्या बोर्डीला गेल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांच्या साथीने त्यांनी वारली मुलांसाठी काम केलं तेव्हा मुलं गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असं दिसलं. यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा! मूल शाळेजोगं करण्याऐवजी शाळा मुलाजोगी करायची, इतकी साधी गोष्ट.

मुलाला 'काही येत नाही' असं आपण म्हणतो तेव्हा कुठल्या मापाने म्हणतो, हाही एक गमतीचा प्रश्न आहे. स्वित्झर्लंडच्या ज्याँ पियाजेने स्वतःच्या तीन मुलांचा खेळ टिपून ठेवत मुलांच्या बुद्धीच्या पायऱ्या शोधल्या. त्याचा पाण्याचा प्रयोग घरोघर करून पाहता येतो. बुटक्या भांड्यातलं पाणी मुलासमोरच उंच पेल्यात ओतायचं आणि विचारायचं, आता पाणी वाढलं का? चार-पाच वर्षांचं मूल 'वाढलं' म्हणतं. सात-आठचं म्हणतं, 'तेवढंच की!' पॅट्रिशिया ग्रीनफील्ड यांनी 1960 च्या दशकात सेनेगलमधल्या शाळेत न गेलेल्या मुलांवर हाच प्रयोग केला. बरीच मुलं चुकली, कारण त्यांना वाटलं, या परक्या बाईने काही जादू केली. मग मुलांनाच पाणी ओतायला दिलं, तर पुष्कळांची उत्तरं बरोबर आली! आणि 1969 सालच्या एका अभ्यासात असं दिसलं, की मेक्सिकोतल्या कुंभारांच्या मुलांना मातीचा गोळा लांबवला तरी माती तेवढीच राहते हे इतरांपेक्षा आधी कळतं. रोज हातात तेच असतं ना. सुरजागडच्या त्या सहा वर्षांच्या पोराने मला वाटेत तीन पक्ष्यांचे आवाज ओळखून दाखवले, आणि वाळलेल्या पानांखालून कसलं तरी कंदमूळही काढून दाखवलं. पहिलीच्या तोंडी परीक्षेत त्याला यातलं काहीही विचारणार नाहीत.

आंब्याची गोष्ट सांगायलाच हवी. माडियांमध्ये नव्या आंब्याचा पंडुम म्हणजे सण होईपर्यंत नवा आंबा खायचा नाही. मोहाचं, धान्याचं तसंच. झाडाखाली कैऱ्या पडलेल्या, पोरं तिथेच खेळतात, पण तोंडात टाकत नाहीत. आपल्याकडे अक्षय्य तृतीयेला पितरांना दाखवल्याशिवाय आंबा न खाणारी घरं विदर्भात अजून आहेत; माझी आई त्यातली. अमेरिकेत वॉल्टर मिशेल यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस बालवाडीतल्या मुलांपुढे एक गोळी ठेवली आणि सांगितलं, मी येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील. थांबणारी मुलं पुढे आयुष्यात यशस्वी होतात, असा त्यातून डंका पिटला गेला. 2018 मध्ये मोठ्या संख्येने मुलं घेऊन पुन्हा पाहिलं, तर घरची परिस्थिती हिशेबात घेताच तो परिणाम पुष्कळ फिका पडला. मला यात नवल वाटलं नाही. खोलीत एकटं बसून थांबणं वेगळं, आणि अख्खं गाव थांबलं आहे म्हणून थांबणं वेगळं. दुसऱ्या थांबण्याला मनाची ताकद लागत नाही, गाव लागतं.

आता त्या घरातला तरुण मुलगा. दाखल्याप्रमाणे एकोणीस. दहावी नापास. खाणीच्या वाहनांवर काम मिळावं म्हणून अवजड वाहनाच्या परवान्यामागे होता. 

पौगंडावस्था म्हणजे वादळ, असं 1904 साली अमेरिकेत स्टॅन्ली हॉलने लिहून ठेवलं. 1928 साली मार्गारेट मीडने समोआ बेटावरून परत येऊन सांगितलं, की तिथल्या मुलींना असलं वादळ माहीतच नाही. 1983 मध्ये डेरेक फ्रीमनने मीडचं समोआ खोटं ठरवण्याचा प्रयत्न केला आणि तो वाद अजून मिटलेला नाही. पण एवढं बहुतेक सगळे मानतात: मूलपण संपणं आणि मोठेपण मिळणं यांतलं अंतर जितकं लांब, तितकी मधल्यांची घुसमट अधिक. ते अंतर कमी करण्याची आदिवासींची व्यवस्था म्हणजे गोटुल. बस्तरमधल्या मुरियांच्या घोटुलावर व्हेरिअर एल्विन यांनी 1947 साली मोठा ग्रंथ लिहिला, आणि त्यामुळे शहरी माणसाला गोटुल म्हटलं की एकच गोष्ट सुचते. सुरजागडकडचा गोटुल म्हणजे गावाची बैठक, पाहुण्याची उतरण्याची जागा, नाच, आणि लग्न न झालेल्या पोरांची निजायची जागाही. पोरगा रात्री घर सोडून तिथे निजायला जाऊ लागला की त्याचं बालपण संपलं, हे घरालाही कळायचं आणि त्यालाही. थोरल्या पोरांकडून तो ढोल, शिकार, भांडण मिटवणं, मोठ्यांसमोर कधी बोलायचं आणि कधी नाही, हे शिकायचा. एरिक्सनच्या 'मी कोण' या प्रश्नाला गावाने उत्तर तयार ठेवलेलं असायचं.

मुलींच्या वाट्याला मात्र वेगळंच यायचं, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मुलीचं बालपण एका दिवसात संपतं. पाळी आली की घराबाहेरच्या कुर्माघरात. अंधारी, गळकी झोपडी, साप-विंचवाची भीती, स्वयंपाकघराला शिवायचं नाही. अलीकडे काही गावांत त्या जागी पक्की, दिवे आणि न्हाणीघर असलेली खोली बांधून दिली गेली. ती बरी की कुर्माघरच नको, यावर तिथल्या मुलींनाच विचारलेलं बरं. डॉ. राणी बंग यांचा 'तारुण्यभान' उपक्रम या वयातल्या मुलामुलींशी शरीराबद्दल सरळ बोलतो. आपल्या शहरी घरांत तरी आपण कुठे बोललो?

त्या एकोणीस वर्षांच्या मुलाला मी गोटुलाबद्दल विचारलं. तो लाजला. "ते म्हाताऱ्या लोकायचं आहे," म्हणाला. गोटुलाच्या खांबाला टेकून तो मोबाइलवर ट्रक मागे घेण्याचे व्हिडिओ पाहत होता. जेफ्री आर्नेट नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने 2000 साली अठरा ते पंचवीस या वयाला नवं नाव दिलं, उमलता प्रौढपणा. शिकावं, भटकावं, काम बदलून पाहावं, लग्न लांबवावं. पुण्या-मुंबईच्या घरांत हे आपण पाहतोच. सुरजागडच्या मुलालाही ती मधली वर्षं मिळाली आहेत, फक्त त्यात भटकायला काही नाही. गोटुलात त्याला मोठं म्हणत नाहीत, कारण तो शाळेत होता, त्याला नाचाची गाणी येत नाहीत. शाळेत मोठं म्हणत नाहीत, कारण तो नापास झाला. राहिलं खाणीचं फाटक. तिथे वय, परवाना आणि ओळखपत्र लागतं. त्या फाटकाकडे तो ज्या आशेने पाहत होता ती मला नाकारता येईना. विरोधाच्या सभेला त्याचे वडील गेले होते. परवान्याची फीही त्यांनीच दिली होती. दोन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच माणसाकडून, आणि त्यात त्याला काही विसंगत वाटत नव्हतं.

वडील चाळिशीतले. या वयाचा पेच, आपल्यामागे काय राहील. ते कमी बोलतात. शेती, तेंदूपत्ता, बांबू. त्यांनी मला एकच विचारलं: "ट्रक चालवणं मी त्याले कसं शिकवू?" बापाने मुलाला शिकवण्याजोगं काही उरलं नाही, असं वाटणं हा चाळिशीतला एकटेपणा आहे. तो मी पुण्यातल्या घरांतही पाहिला आहे, मुलाच्या संगणकापुढे उभ्या बापाच्या तोंडावर. पण पुण्यातल्या बापाच्या मागे दुसरं पुष्कळ असतं.

म्हाताऱ्यांबद्दल आपल्याकडे 'साठी बुद्धी नाठी' म्हणतात. शाय नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1956 मध्ये सिएटलमध्ये एक अभ्यास सुरू केला आणि तीच ती माणसं दर सात वर्षांनी तपासली. वेगाची कामं लवकर मंदावतात हे खरं, पण शब्दसंग्रह, साठलेलं ज्ञान, अनुभवाने आलेली समज, या गोष्टी साठीनंतरही बराच काळ टिकतात. सुरजागडच्या जंगलात तर बुद्धी म्हणजे हे साठलेलंच. कुठलं झाड कशाला लागतं हे गडचिरोलीतल्या बायांना किती माहीत आहे ते पाहायचं तर राणी बंगांचं 'गोईण' उघडावं. पण साठलेलं ज्ञान टिकण्यासाठी ते कुणीतरी विचारावं लागतं. घरातले आजोबा यात्रेत मला डोंगराकडे बोट दाखवून एकेक वाट सांगत होते. यातल्या दोन वाटा आता नाहीत, हे त्यांनी शेवटी सांगितलं, अगदी सहज. गावाबाहेर मेलेल्यांच्या नावाने उभे केलेले दगड आहेत. त्यांतला त्यांच्या वडिलांचा दगड त्यांनी हात लावून दाखवला, आणि शेजारची मोकळी जागाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सुनेने एक प्लास्टिकची पिशवी आणली. आजोबांना श्रावणबाळ योजनेचे पैसे मिळत नव्हते. त्याला पासष्ट वर्षं लागतात. आधार कार्डावर त्यांची जन्मतारीख 1 जानेवारी. नुसतं साल माहीत असलं की बहुधा 1 जानेवारीच पडते, 1 जुलैचे दिवस गेले. त्या सालाप्रमाणे ते एकसष्ट वर्षांचे. माणूस पंचाहत्तरीच्या घरातला दिसत होता. "हे साल कुठून आलं?" मी विचारलं. सून म्हणाली, "मतदार कार्डावरून." ते कशावरून? पिशवीच्या तळाशी घडी घातलेला, पिवळा पडलेला कर्जाचा एक कागद होता, बैलजोडीचा. त्यावर निळ्या शाईत लिहिलं होतं, 'वय अं. 25'.

आजोबा माझ्याकडे पाहत होते. अक्षर कोणाचं, हे मी त्यांना सांगितलं. शिपायासारखंच हसून ते माडियात काहीतरी म्हणाले. सुनेने सांगितलं, "म्हणते का, तेव्हा मी नांगराले नुकताच एकटा जात होतो असं सांगतलं होतं साहेबाले."

सकाळी नातू गाडीपर्यंत सोडायला आला. त्याला मी हात डोक्यावरून नेऊन कान धरायला सांगितलं. बोटं अजून एक पेर कमी पडत होती.